वासोट्याचा एक दिवस: बेत संध्याकाळपासून उलटा आखा

साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयापलीकडे, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वासोटा किल्ला उभा आहे. मोसमात शनिवार-रविवारी बामणोली या जलाशयाकाठच्या गावात ट्रेकर्सची रीघ लागते. त्यातल्या बऱ्याच जणांना गडावर जेमतेम अर्धा तास मिळतो आणि काहींना अर्ध्या चढावरूनच मागे फिरावं लागतं. दमछाक हे त्याचं कारण क्वचितच असतं. वेळ संपलेली असते. इथे रात्री राहायची परवानगी नाही, या बाजूने जायला-यायला बोट हाच मार्ग आहे आणि अंधार पडायच्या आत जलाशय ओलांडून परत यावंच लागतं. म्हणून 'किती वाजता निघायचं' या प्रश्नापासून सुरुवात करू नका. 'किती वाजता परत बोटीत बसायचं' हे आधी ठरवा आणि तिथून एकेक टप्पा मागे मोजत या.

हे जंगल कसलं आहे

वासोटा कोयना वन्यजीव अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं. दक्षिणेकडचं चांदोली २००४ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१० साली दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तयार झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यांत कोयना आणि चांदोली दोन्ही आहेत. राजगडला किंवा तोरण्याला जातो तसं इथे मनात आलं की जाता येत नाही, ते यामुळे. इथे नोंद करून आत शिरायचं, ठरलेल्या वाटेनेच चालायचं आणि मोजून बाहेर यायचं. गवे, सांबर, अस्वल, बिबट्या, रानकुत्री, शेकरू हे सगळं इथे आहे. धरणामुळे माणसांची वस्ती उठली, म्हणून हे रान एवढं दाट राहिलं. आपण चालतो त्या वाटेच्या पायथ्याला मेट इंदवली नावाचं गाव होतं. तिथल्या जोत्यांवर आता झाडं वाढली आहेत. उठून गेलेल्या गावाच्या जागेवरून आपण चाललो आहोत, एवढं लक्षात ठेवून तिथे वावरावं.

कोणत्या महिन्यात जायचं

पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर वाट खुली होते आणि जूनपर्यंत चालू राहते. नक्की तारीख दर वर्षी वनविभाग ठरवतो. वणव्याच्या भीतीने, प्राणीगणनेसाठी किंवा वरून आदेश आला म्हणून मधेच चार दिवस प्रवेश थांबू शकतो. तेव्हा निघायच्या दोन दिवस आधी बामणोलीत फोन करून चार गोष्टी विचारा: प्रवेश चालू आहे ना, पहिली बोट किती वाजता सुटते, ओळखपत्राची प्रत लागते का, आणि पाणी किती उतरलंय.

चौथा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत, पण दिवसाचं गणित त्यावर हलतं. कोयनेचा जलाशय पूर्ण भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून २,१६३.५ फुटांवर, म्हणजे सुमारे ६५९ मीटरवर असते. वासोट्याचा माथा सुमारे १,१७० मीटरवर. म्हणजे भरलेल्या धरणात बोटीतून उतरलात की पाचशे मीटरच्या आसपास चढ उरतो. उन्हाळ्यात वीज आणि सिंचनासाठी पाणी सोडलं की पातळी खूप खाली जाते आणि बोट झाडीपासून लांब लागते. मग भेगाळलेल्या गाळावरून आणि सुट्या दगडांवरून, सावलीचं झाडही नसलेल्या पट्ट्यातून चालत जंगलापर्यंत जावं लागतं. उंचीही तेवढी वाढते. एप्रिल-मे महिन्यात यासाठी जाताना-येताना प्रत्येकी अर्धा तास जास्त धरा.

नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला. जलाशय तुडुंब असतो, हवा स्वच्छ असते आणि कोकण लांबवर दिसतं. ऑक्टोबरात हिरवाई जास्त असते, पण वाट ओली आणि जळवा भरपूर. मार्चनंतर पानगळ झालेल्या उतारावर ऊन झिरपतं, पाणी जास्त लागतं आणि डोंगर धुरकट दिसतात. जमलं तर मधल्या वारी जा. बोटी लगेच मिळतात आणि पायथ्याच्या वनविभागाच्या चौकीवर रांग नसते. जंगलातले आवाजही ऐकू येतात.

उलटं गणित

डिसेंबरात या भागात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बामणोली ते वासोट्याचा पायथा या बोटप्रवासाला इंजिन आणि वाऱ्याप्रमाणे एक ते दीड तास लागतो. आता मागे मोजू.

पावणेसहाला बामणोलीत पोहोचायचं, तर सव्वाचारला बोट काठावरून सुटली पाहिजे. त्याआधी चौकीवर माणसांची आणि आत नेलेल्या प्लॅस्टिकची मोजणी होते, मागे राहिलेले येऊन मिळतात, म्हणून पावणेचारला सगळे चौकीवर हवेत. उतरायला सव्वा ते दीड तास लागतो, म्हणून गडावरून सव्वादोनला निघायचं. माथा पाहायला आणि डबा खायला सव्वा तास धरला, तर एकपर्यंत वर पोहोचायला हवं. चढाईला दीड ते दोन तास, म्हणजे अकराला चौकीवरून चालायला सुरुवात. चौकीवरच्या तपासणीला अर्धा तास, म्हणजे साडेदहाला बोट लागली पाहिजे. म्हणून नऊला बामणोलीतून सुटायचं. परवानगी, पैसे आणि बोट ठरवणं यांत तासभर जातो, म्हणून आठला बामणोलीत हजर.

ही झाली शेवटची मर्यादा. यात कुठेही ढिलाईला जागा नाही. एकाचा पाय मुरगळला, समोर दुसऱ्या गटाची चाळीस माणसं रांगेत आली किंवा बोटीचं इंजिन रुसलं, तर हे गणित कोलमडतं. म्हणून प्रत्यक्षात सगळं एक तास अलीकडे ओढा आणि सातला बामणोलीत या. सातारा ते बामणोली हे सुमारे ३५-४० किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून कासवरून जायचं. वळणावळणाच्या रस्त्याला दीड तास लागतो. पुण्याहून त्याच रात्री निघायचं तर अडीच-तीनलाच निघावं लागतं आणि चालकाला झोप मिळत नाही. परतीचा रस्ताही रात्रीचाच असतो. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळी सातारा, कास किंवा बामणोलीत मुक्काम करणं शहाणपणाचं. साताऱ्याहून बामणोलीला एसटी आहे, पण फेऱ्या थोड्या आहेत. पहिली गाडी पकडूनही वेळ तंग होतो आणि संध्याकाळची शेवटची गाडी चुकायची शक्यता मोठी असते. एसटीने जायचं तर मुक्काम बामणोलीतच करा.

या गणितातून एक नियम निघतो आणि तो गटाला आदल्या दिवशीच सांगून ठेवायचा: एक वाजला की आहात तिथून मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. ते दहा मिनिटं वर जाणं, वर पाऊण तास रेंगाळणं आणि मग घाईने उतरणं, यातच पाय घसरतात.

कागद, पैसे, बोट

परवानगी बामणोलीत वनविभागाकडून मिळते. सगळ्यांची नावं, वयं, फोन नंबर आणि घरचा एक संपर्क नंबर अशी यादी घरूनच दोन प्रतींत तयार करून आणा. काठावर उभं राहून बारा जणांची नावं लिहून घेण्यात वीस मिनिटं जातात. प्रत्येकाचं ओळखपत्र जवळ हवं. प्रवेश फी माणशी असते आणि कॅमेऱ्याची वेगळी. ड्रोन आणू नका. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही. पैसे रोख आणि सुटे ठेवा, कारण काठावर नेटवर्क रुसतं आणि ऑनलाइन पैसे अडकतात. गाडीची टाकी आणि एटीएमचं काम साताऱ्यातच उरका.

बोटीचं भाडं माणशी नसून पूर्ण बोटीचं असतं आणि बोटीत किती जण बसवायचे हेही ठरलेलं असतं. त्यामुळे बोटीच्या क्षमतेएवढा गट स्वस्त पडतो. चार जणच असाल तर दुसऱ्या छोट्या गटाबरोबर बोट वाटून घेता येते. मात्र मग परतीची वेळ त्यांच्याही चालीवर अवलंबून राहते, म्हणून बसण्याआधीच त्यांच्याशी वेळ बोलून घ्या. बोटवाला पायथ्याशी ठराविक तासच थांबतो. किती तास थांबणार, त्यापुढे थांबल्यास किती पैसे, हे सुटण्याआधी स्पष्ट विचारा. बोटीचा नंबर आणि बोटवाल्याचा फोन दोघांनी तरी लिहून घ्या. पायथ्याशी पंधरा बोटी लागलेल्या असतात आणि त्यांतली आपली नेमकी कोणती, यात संध्याकाळी गोंधळ होतो.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं आणि बक्कल लावायचं. मांडीवर ठेवलेल्या जॅकेटचा उपयोग नाही. हे पाणी खोल आहे, काठ निसरडे आहेत आणि दुपारनंतर वारा सुटला की लाटा उठतात. अशा वेळी फोटोसाठी सगळे एका बाजूला जमले की बोट कलते. बोटीत जॅकेटं कमी असतील तर तेवढी माणसं कमी न्या किंवा दुसरी बोट घ्या.

निघण्यापूर्वी आणखी एक काम करा. बामणोलीत घरगुती खानावळी आहेत. संध्याकाळच्या जेवणाची माणसं सकाळीच सांगून जा. परत आल्यावर सांगितलंत तर भाकऱ्या थापून होईपर्यंत तास जातो.

पिशवीत काय

पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. गडावर टाकी आहेत आणि पायथ्याला ओढा आहे, पण त्यांच्या भरवशावर बेत आखू नका. उन्हाळ्यात ओढा आटतो आणि उघड्या टाक्यातलं पाणी गाळून-उकळूनच प्यावं लागेल. वाटेवर दुकान नाही. बाटल्या स्टीलच्या घ्या. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलं की जलसंजीवनी होते. दोघांमागे अशी एक बाटली तयार ठेवा. पोटऱ्यांत गोळे येतात ते घामातून मीठ गेल्यामुळेही. त्या वेळी नुसतं पाणी पीत राहिल्याने बरं वाटत नाही.

खायला धपाटे, दशम्या, गुळाची पोळी, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, भडंग, केळी. हे सगळं कापडात किंवा डब्यात बांधा. इथे प्लॅस्टिकचा मुद्दा येतो. चौकीवर बॅगा उघडून प्रत्येक प्लॅस्टिकची वस्तू मोजली जाते, वहीत लिहिली जाते आणि अनामत रक्कम घेतली जाते. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. बिस्किटांचे दहा पुडे, वेफर्स आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आलेल्या बारा जणांच्या गटाला मोजणीत सहज पाऊण तास लागतो. वेष्टनं घरीच काढून टाका आणि डबे भरा. मोजायला काही उरलंच नाही तर पाच मिनिटांत सुटका होते. हा या ट्रेकमधला सगळ्यात सोपा वाचवलेला वेळ आहे. सिगारेट, काडेपेटी, दारू गाडीतही ठेवू नका. कोरड्या पाचोळ्यावर पडलेली एक ठिणगी आख्खा उतार जाळते.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायाचे, मातकट किंवा गडद हिरव्या रंगाचे. बूट खोल खाचांचे आणि आधी वापरून सैलावलेले. नवे बूट उतारावर अंगठ्याचं नख काळं करतात. नखं आदल्या दिवशी कापा. चार्ज केलेली हेडटॉर्च प्रत्येकाकडे, कारण उशीर झालाच तर हात मोकळे हवेत. क्रेप बँडेज, चिकटपट्टी, जंतुनाशक, स्वतःची नेहमीची औषधं, मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असणाऱ्याने डॉक्टरांनी दिलेलं औषध. शिट्टी. परिसराचा नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून ठेवलेला. बॅगेचं वजन पाच-सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका.

वाट

चौकीपासून वाट सुरू होते ती थेट झाडीत. सुरुवातीला ओढा लागतो, जवळ मारुती आहे. पुढचा पाऊण तास दाट सावलीचा आहे. दुपारी बारालाही इथे अंधारल्यासारखं असतं. चढ सलग आहे, पण हात टेकावे लागत नाहीत. या टप्प्यात चूक होते ती वेगाची. सावली आणि गारवा असल्याने तरुण पोरं पहिला अर्धा तास जवळजवळ पळत काढतात, घामाने कपडे भिजतात आणि वरच्या उघड्या चढावर पाय उचलत नाहीत. बोलता येईल एवढ्याच वेगाने चढा. तासाला एकदा दहा मिनिटं बसा, दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी प्या. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट माहीत असलेला एक जण शेवटी. मधे कुणाच्याही नजरेआड पुढचा-मागचा माणूस जाता कामा नये.

साधारण तासा-सव्वा तासानंतर झाडी विरळ होऊ लागते आणि नागेश्वरला जाणारा फाटा लागतो. चुकायची जागा हीच. दोन्ही वाटा मळलेल्या आहेत. पुढे गेलेल्यांनी इथे थांबून मागच्यांची वाट पाहायची, हे आधीच ठरवा. नागेश्वर ही डोंगरातली महादेवाची गुहा आहे. महाशिवरात्रीला कोकणातून, खेड तालुक्यातल्या चोरवण्याच्या बाजूने, लोक डोंगर चढून तिथे येतात. एका दिवसात वासोटा आणि नागेश्वर दोन्ही करायची इच्छा असेल तर पहिली बोट, चांगल्या चालीचा पाच-सहा जणांचाच गट आणि जास्त थांबायला तयार असलेला बोटवाला, या तिन्ही गोष्टी हव्यात. त्या दिवशी तिकडे सोडतात का, हे परवानगी घेतानाच विचारा. यांतलं एकही जुळत नसेल तर नागेश्वर पुढच्या खेपेला ठेवा. दोन्ही ठिकाणं धावत पाहण्यापेक्षा गडावर निवांत तासभर बसणं कितीतरी चांगलं.

फाट्यानंतर कारवी आणि गवताचा उघडा चढ, मग पायऱ्या आणि पडके दरवाजे. पायऱ्यांवर बारीक खडी असते. चढताना काही वाटत नाही, उतरताना तीच घसरवते.

माथ्यावर

वर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ आहे आणि तिथून वाटा फुटतात. वेळ कमी असेल तर आधी बाबूकडा पाहा, मग महादेवाचं देऊळ, तिथून माची. डबा शेवटी, देवळाच्या सावलीत. आधी जेवायला बसलात तर अर्धा तास कधी गेला कळत नाही आणि कडा राहून जातो.

बाबूकड्यावर उभं राहिलं की समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर आणि दोन्हींच्या मधे घोड्याच्या नालासारखी वळलेली सरळ तुटलेली भिंत दिसते. खाली कोकण. सह्याद्री इथे किती एकदम संपतो हे समजायला यापेक्षा चांगली जागा थोडी आहे. माचीवरून हवा स्वच्छ असेल तर चकदेव, रसाळगड, सुमारगड, महिपतगड ओळखता येतात. कड्यापासून किमान दोन माणसांच्या उंचीएवढं अंतर ठेवा. काठावरचं वाळलेलं गवत बुटाखाली गुळगुळीत होतं आणि त्याखालचा दगड पोकळ असतो. खाली वाकून पाहायचंच असेल तर बॅग काढून, पोटावर झोपून, पाय दुसऱ्याने धरून. जुन्या वासोट्याकडे जायचा प्रयत्न करू नका. वाट मोडलेली आहे, झाडी दाट आहे आणि तिकडे अडकलात तर हाकही पोहोचत नाही.

शिवकाळापासून हा गड कैदी ठेवायला वापरला गेला. इंग्रजांनी एप्रिल १८१८ मध्ये तोफा डागून तो घेतला, तेव्हा त्यांचे दोन अधिकारी इथे कैदेत होते. भोवतालचं रान पाहिलं की कैद्यांसाठी हीच जागा का निवडली, हे उमजतं.

कड्याकपाऱ्यांत आग्या माशांची पोळी असतात. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून जाऊ नका. धूर, आरडाओरडा, दगड फेकणं टाळा. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंड आणि मान कापडाने झाकून कड्यापासून दूर, झाडीच्या दिशेने निघून जा.

उतार आणि जंगलातले धोके

उतरताना गुडघे वाकलेले ठेवा आणि पावलं आखूड टाका. काठी सगळ्यात उपयोगी पडते ती इथेच. पाचोळ्याखाली ओली मुळं आणि गोल दगड लपलेले असतात, त्यामुळे टाच रोवून उतरायची सवय इथे घात करते. पूर्ण पाऊल टेकवा. पाय मुरगळण्याच्या घटना बहुतेक शेवटच्या अर्ध्या तासात होतात, जेव्हा जलाशय झाडीतून दिसू लागतो आणि लक्ष पायांवरून उडतं.

गवा समोर आला तर थांबा. ओरडू नका, फ्लॅश मारू नका, त्याला वाट मोकळी ठेवा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळू मागे सरका. मधे जाड झाड येईल असं पाहा. एकटा नर जास्त बेभरवशाचा. अस्वल अचानक समोरासमोर आलं तर हल्ला करतं, म्हणून वळणावर नेहमीच्या आवाजात बोलत चाला. स्पीकरवर गाणी लावू नका. प्राणी दूर जातात आणि मागच्या माणसाची हाकही ऐकू येत नाही.

जळू चिकटली तर ओढू नका. नखाने तिचं तोंड बाजूला सरकवा, ती सुटते. रक्त थोडा वेळ वाहतं, दाबून धरा. हिवाळ्यात वाटेकडेला खाजकुयलीच्या तपकिरी, लवदार शेंगा लोंबतात. त्यांची लव लागली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून उचला, मग पाण्याने धुवा.

साप दिसला तर तो जाईपर्यंत थांबा. या ओल्या रानात हिरवा चापडा हा विषारी साप डोक्याच्या उंचीच्या फांदीवरही असतो, म्हणून आधाराला फांदी धरण्याआधी पाहा. चावलाच, तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठी-कडं काढा, तो अवयव लाकडाची पट्टी बांधून स्थिर करा, माणसाला चालू न देता खाली न्या आणि वनरक्षकाला सांगून लगेच बोट सोडा. बामणोलीला पोहोचेपर्यंत साताऱ्याच्या रुग्णालयात निरोप जायला हवा. १०८ वर रुग्णवाहिका आणि १९२६ वर वनविभागाची मदत मिळते, पण वाटेवर बहुतेक ठिकाणी नेटवर्क नसतं. म्हणून अशा प्रसंगी दोन जणांना पुढे पाठवून चौकी गाठणं हाच खात्रीचा उपाय. घरच्या माणसाला सकाळीच सांगून ठेवा: 'संध्याकाळी साडेसातपर्यंत फोन आला नाही तर या नंबरवर विचार.'

बेत बदलावा लागला तर

लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर सगळ्यांना माथ्यावर ओढून नेऊ नका. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांचा संगम होतो. त्यांच्यासाठी संगमापर्यंतची बोटीची फेरी वेगळी ठरवा. बोट उशिरा मिळाली, नऊचे दहा-साडेदहा झाले, तरी हाच पर्याय घ्या. अशा वेळी 'बघू, पटकन चढू' म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

परत आल्यावर चौकीवर प्लॅस्टिक दाखवून अनामत घ्या आणि बाहेर पडल्याची नोंद झाली का ते पाहा. ती राहिली तर तुम्ही आत अडकलात असं समजून वनरक्षक रात्री शोधायला निघू शकतात. बामणोलीत कपडे बदलताना काखा, कंबर आणि गुडघ्यांमागे गोचिडी चिकटल्यात का पाहा. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढा. येत्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे सांगा. रात्री बामणोली-कास रस्त्यावर गवे आणि सांबर येतात, दाट धुकंही पडतं. चाळीसच्या आत गाडी चालवा, आणि पुण्या-मुंबईला लगेच निघण्याऐवजी जेवून तासभर झोप घेतलेल्या माणसालाच चाक द्या.